हायवे, लेन आणि न फाटलेली पावती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. समितीच्या आग्रहावरून थोडी साफसफाई करून दिला आहे.)



२००० साली आपली सोसायटी नोंदली गेली, तेव्हा या आवारात फक्त चार मोटारगाड्या होत्या. त्यातली एक डॉक्टरांची, आणि ती धक्का मारूनच सुरू व्हायची. धक्का मारणाऱ्यांत मीही असायचो. आज पार्किंगच्या रजिस्टरमध्ये पाहिलं, तर ६१ मोटारी आणि दुचाकी किती ते सचिवांनाही सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत आपण खूप कमावलं. पण गाडी घेताना कर्ज कसं घ्यायचं हे जितकं शिकलो, तितकं ती रस्त्यावर कशी न्यायची हे शिकलो का?

समितीने मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही बँकेत होतात, ज्येष्ठांच्या ठेवींवर बोला." ठेवींवर मी तुमच्याशी रोज कट्ट्यावर बोलतोच. आज रस्त्यावर बोलणार आहे. त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगतो. ते सांगायला मला तेरा वर्षं लागली.

आपल्या वसई-विरारकरांचं नशीब बघा. आपल्या गाड्यांचा नंबर पूर्वी ठाण्याचा, एमएच ०४. आता एमएच ४८. आणि आपल्या पूर्वेकडून जाणारा मुंबई-अहमदाबाद हायवे, ज्याला आपण अजूनही 'नॅशनल हायवे आठ' म्हणतो, त्याचाही नंबर आता ४८. म्हणजे पाटीवरही अठ्ठेचाळीस, रस्त्यालाही अठ्ठेचाळीस. वर्सोवा पूल ओलांडला की ससूनवघर, मालजीपाडा, चिंचोटी, वसई फाटा, पेल्हार, शिरसाट, खानिवडे, मनोर, चारोटी, तलासरी. हा रस्ता आपल्या दारातला आहे. अंगणात कसं वागायचं हे पाहुण्याने शिकवायचं नसतं, घरच्याने पाळायचं असतं.

आता लेन म्हणजे काय? ही गोष्ट विरार लोकलमध्ये उभं राहिलेल्या माणसाला एका मिनिटात कळते. आपल्याकडे स्लो गाडीचा रूळ वेगळा, फास्टचा वेगळा. समजा एखाद्या मोटरमनने स्लो गाडी फास्टच्या रुळावर आणली आणि म्हणाला, "मी माझ्या वेगाने चाललोय, कुणाला काय त्रास?" तर मागच्या विरार फास्टमधली चार हजार माणसं त्याला काय म्हणतील, ते या माईकवरून सांगता येणार नाही. हायवेवर उजव्या लेनमध्ये पन्नासच्या वेगाने रमतगमत जाणारा माणूस नेमकं हेच करतो. उजवी लेन ही ओव्हरटेक करण्यासाठी. डावी लेन जड आणि सावकाश वाहनांसाठी. मधली, जिथे असेल तिथे, आपल्यासारख्यांनी सरळ जाण्यासाठी. पुढच्याला उजवीकडून ओलांडायचं, आरशात तो पूर्ण दिसला की सिग्नल देऊन पुन्हा डावीकडे यायचं. आमच्या बँकेत काउंटरवर काम झालं की माणूस बाजूला होतो. तिथेच उभं राहून पासबुक वाचत बसला, तर रांगेतले ओरडतात. तसंच हे.

कुणी म्हणेल, "उजव्या लेनमध्ये मी वेगमर्यादेतच चालवतो, मग मी चुकलो कुठे?" वेग बरोबर असेल, पण जागा चुकली. तुम्ही तिथे अडून राहिलात की मागचा वैतागतो आणि डावीकडून काढतो. डावीकडे ट्रकच्या आडोशाला दुचाकीवाला असतो, तो त्याला दिसत नाही. अपघात त्यांचा होतो, तुम्ही पुढे निघून जाता. तुमच्या गाडीवर ओरखडाही नसतो आणि तुम्हाला आयुष्यभर कळतही नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका पुस्तकी बोलतात. आपल्या हायवेवर डावी लेन मोकळी असते का? कुठे ट्रक उभे, कुठे खड्डा, कुठे उलट दिशेने येणारी रिक्षा. ट्रकवाला उजवीकडे येतो तो काही हौसेने नाही. मध्यंतरी काँक्रीटच्या कामात तर वर्सोवा पुलापासून पुढे आपण तासन् तास अडकलो. रस्ता सुधारा म्हणून आपण जरूर पत्रं लिहू. पण रस्ता वाईट आहे म्हणून आपण वाईट चालवायचं, हे म्हणजे बँकेत छत गळतंय म्हणून कॅशियरने पैसे न मोजता देण्यासारखं झालं. रस्ता वाईट असेल तर उलट जास्त मोजून द्यायला हवेत.

४ सप्टेंबर २०२२ हा दिवस आठवा. गणपतीचे दिवस होते, रविवार. उद्योगपती सायरस मिस्त्री गुजरातकडून मुंबईला येत होते. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची गाडी कठड्याला धडकली. मागच्या सीटवरचे दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर कमी बोललं गेलं. तिथे तीन लेनचा रस्ता पुलापाशी दोन लेनचा होतो. महालक्ष्मीच्या दर्शनाला आपण त्याच पुलावरून जातो. जगातली महागडी गाडी असली, तरी तीनाच्या दोन लेन होताना कुणी कुणाला आधी जाऊ द्यायचं, हे गाडी ठरवत नाही, माणूस ठरवतो.

सीटबेल्टचा कायदा मागच्या सीटलाही तेव्हा होताच. आपणच तो पुढच्यांचा समजत होतो. कायद्यात दंड १००० रुपये. आमची मंडळी म्हणतात, "मागे बेल्ट लावला की पोट आवळतं." आवळू द्या.

आता दंडाकडे येतो, कारण कट्ट्यावर सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातले दंड वर्षानुवर्षं शंभर-दोनशे रुपयांचे होते. २०१९ च्या सुधारणेने ते वाढले. आपल्या महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली, तर कायद्यात १००० ते २००० रुपये. धोकादायक चालवणं, म्हणजे गाडी चालवताना हातात मोबाईल, सिग्नल तोडणं, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं, याला पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. अॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही, तर १०,००० रुपयांपर्यंत.

आणि हे आईवडिलांनी नीट ऐका. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. "क्लासला उशीर होतो म्हणून स्कूटर दिली" हे आपल्या आवारात मी दर आठवड्याला ऐकतो. मुलाचा क्लास बुडाला तर एक दिवस बुडतो.

थोडा हिशेब करू, जुनी सवय आहे. साठ किलोमीटरचं अंतर ऐंशीच्या वेगाने ४५ मिनिटांत होतं. शंभरच्या वेगाने ३६ मिनिटांत. म्हणजे एवढा जीव मुठीत धरून वाचली किती, तर नऊ मिनिटं. आणि ती पुढे घोडबंदरच्या कोंडीत परत जातात. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. मोबाईलवर "कोणाचा मेसेज आला" एवढं बघायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी ६६ मीटर गेलेली असते, डोळे मिटून. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखाद्या खांबापाशी आली की मोजायला लागा: एक, दोन, तीन. आपण त्या खांबाशी तीनच्या आधी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे अंतर दुप्पट करा. आणि पावसात, बोगद्यात चारही इंडिकेटर लावून पळू नका. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चारही चालू असले की तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कसं कळणार?

ई-चलानाबद्दलही दोन शब्द. पूर्वी हवालदार समोर उभा राहून पावती फाडायचा, आता कॅमेरा फोटो काढतो आणि मेसेज येतो. पण आपला जुना मोबाईल नंबर आरटीओच्या नोंदीत असेल, तर मेसेज येतच नाही आणि चलानं साठत जातात. गाडी विकायच्या वेळी कळतं. तेव्हा नंबर बदलून घ्या आणि महिन्यातून एकदा सरकारच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. चलान चुकीचं वाटलं तर तिथेच तक्रार करता येते. जुनी प्रकरणं लोकअदालतीतही मिटतात. आणि व्हॉट्सअॅपवर 'तुमचं चलान थकलं आहे, ही फाईल उघडा' असं आलं, तर ती फाईल उघडू नका. ती दंडाची नाही, चोराची असते. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात आणि खातं रिकामं. एवढी एकच गोष्ट ठेवींबद्दल बोललो, समितीचा मान राखला.

आता माझं स्वतःचं.

गेल्या वर्षी पुण्याहून धाकट्या बहिणीकडून येत होतो. एक्स्प्रेसवे मोकळा, गाडीत मी आणि सौ. दोन दिवसांनी मेसेज आला. वेगमर्यादा शंभर, माझा वेग ११३, दंड २००० रुपये. सोबत माझ्याच गाडीचा फोटो. मी आठवडाभर धुमसत होतो. पन्नास वर्षांत माझ्या नावावर एक पावती नाही, आणि आता या वयात! मी तक्रारीचा मसुदाही लिहिला, चांगला दोन पानी. सौ.ला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पावती नाही, हे खरं आहे."

एवढंच म्हणाली. मी मसुदा घडी करून ठेवला.

२०१२ सालची चैत्रातली गोष्ट. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आम्ही दोघं डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा करून परत येत होतो. संध्याकाळची वेळ, दिवे लागायला आलेले. बोलण्याच्या नादात वसई फाटा मागे पडला. पुढे जाऊन वळायचं, तर बरंच अंतर आणि गर्दी. मी गाडी कडेला घेतली आणि त्याच बाजूने, दिवे लावून, उलट दिशेने फाट्याकडे निघालो. तीन-चारशे मीटरचा प्रश्न. सौ. म्हणाली, "अहो, असं नको." मी म्हटलं, "सगळे येतात की."

समोरून मोटरसायकल आली. तो मुलगा त्याच्या बाजूने, त्याच्या लेनमध्ये, बरोबर चालला होता. मला बघून त्याने गाडी आणखी डावीकडे घेतली, चाक खडीत गेलं आणि तो पडला. माझी गाडी त्याला लागलीसुद्धा नाही. एका ट्रकवाल्याने ट्रक थांबवला, खाली उतरला, मुलाला माझ्याच गाडीत घातलं. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं, बोलला काही नाही. ते बघणं मला अजून आठवतं.

वालीवच्या कंपनीत ठेक्यावर काम करणारा मुलगा, वय एकवीस-बावीस. कामणकडे घरी चालला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "गाडी स्लिप झाली." पोलिसांची भानगड नको, कामाचे खाडे नकोत, एवढीच त्याची भीती. आणि मी गप्प बसलो. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासणारा मी, तिथे एका खोट्या नोंदीखाली उभा राहिलो.

दवाखान्याचं बिल मी भरलं. त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराचे पैसे दिले. त्याची आई मला हात जोडून म्हणाली, "साहेब, तुम्ही देवासारखे भेटलात." त्या बाईला मी सांगायला हवं होतं की, मी भेटलो नसतो तर तुमचा मुलगा वेळेवर घरी आला असता. नाही सांगितलं. तुम्हालाही तेव्हा मी हेच सांगितलं होतं, की रस्त्यात एक मुलगा पडलेला दिसला, त्याला दवाखान्यात नेलं. त्या वर्षीच्या गणपतीत समितीने मला शाल दिली होती, काहींना आठवत असेल. ती शाल मी कधी वापरली नाही.

घरखर्चाच्या वहीत मी ती रक्कम लिहिली. 'इतर खर्च' म्हणून. सौ.ने महिनाअखेर वही पाहिली आणि म्हणाली, "बेरीज बरोबर आहे. खात्याचं नाव चुकलंय." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, थेट गेल्या वर्षीपर्यंत. आज ती इथे पुढच्याच रांगेत बसली आहे. तिला विचारूनच बोलतोय.

तर मित्रांनो, मला दोनदा दंड व्हायला हवा होता. मोकळ्या रस्त्यावर, कुणाला काही झालं नाही, तिथे झाला. तो मी भरला, आणि तो योग्यच होता. जिथे एका मुलाचं हाड मोडलं, तिथे ना कॅमेरा होता, ना हवालदार. पावती फाटलीच नाही. म्हणून सांगतो, दंड झाला नाही म्हणजे आपण बरोबर होतो, असं समजू नका. दंडाच्या भीतीने नियम पाळणारा माणूस कॅमेरा संपला की नियम सोडतो. समोरून येणारा मुलगा मात्र तिथेही असतोच.

तो ट्रकवाला थांबला, तसं तुम्हीही थांबा. आता कायदाच मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. जखमीला मदत केली म्हणून तुमच्यावर गुन्हा होत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ ला.

यंदा मला चौऱ्याहत्तरावं संपतंय. गाडीची किल्ली मी सूनबाईंकडे दिली आहे. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. मी शेजारी बसतो, बेल्ट लावतो आणि विचारल्याशिवाय सल्ला देत नाही. हे शेवटचं जमायला फार वेळ लागला.

शेवटी एक विनंती. हायवेचं राहू द्या, आपल्या दारापासून सुरू करू. आपल्या सोसायटीला दोन गेट आहेत. एकावर 'आत' लिहिलंय, दुसऱ्यावर 'बाहेर'. बाजारातून येताना 'बाहेर'चं गेट वीस पावलं जवळ पडतं, म्हणून आपण सगळे त्यातूनच आत शिरतो. गेल्या महिन्यात सी विंगमधली छोटी सायकलवरून बाहेर पडत होती आणि आत येणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला. ती गाडी कुणाची, हे मला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत आहे. मी नाव घेणार नाही, कारण त्या जागी मीही होतो.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आपण एवढंच ठरवू. आजपासून 'आत'मधून आत आणि 'बाहेर'मधून बाहेर. वॉचमनने कुणालाही, अगदी अध्यक्षांनाही, परत पाठवावं आणि आपण मुकाट्याने वीस पावलं फिरून यावं. त्याला दंड नको, नोटीस नको. वीस पावलं जमली तर पुढे फाट्यावरचं अंतरही जमेल.